खाटेचं चित्र

माझा धनाजी माणसांना नंबरानं हाक मारायला लागला होता. ही खोड त्याला कुठून लागली कोण जाणे, पण मला ती मुळीच खपली नाही.

"सत्तावीस कुठाय?" गाडी चालवता चालवता तो फोनवर कुणाला तरी विचारत होता. "आणि एकोणीस? त्यांना म्हणावं, कुठं जायचं नाही. सगळे एका जागी थांबा. मी आईला घेऊन येतोय."

मी मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर पिठल्याचा डबा, शेजारी धडप्यात गुंडाळलेल्या भाकरी.

"सत्तावीस कोण रे?"

"इक्बाल."

"मग इक्बाल म्हण की. बापानं बकरं कापून, साऱ्या आळीला जेवू घालून नाव ठेवलंय त्याचं."

"पन्नास गाड्या बघतो मी, आई. नंबर लक्षात राहतो."

"तुझ्या बापाला ड्रायव्हरांच्या पोरांची नावं पाठ होती."

"त्यांच्या तीन गाड्या होत्या."

पोरगं जिभेनं माझ्यावरच गेलंय. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मी तेव्हा जर्मनीत होते, माझ्या लेकीच्या, शरयूच्या बाळंतपणाला. ज्या नातवासाठी गेले तो आता मोठा झालाय, फोनवर मला जर्मन शिकवतो आणि माझ्या बोलण्याला खिदळतो. धनाजी शेजारच्या पोलंडमध्ये एका ट्रकच्या कंपनीत होता. गेला ड्रायव्हर म्हणून, पण दोन-तीन वर्षांत ऑफिसात खुर्चीवर बसला. आपल्याकडची पोरं तिकडं न्यायची, त्यांना गाड्या द्यायच्या, कुठला माल कुठं टाकायचा ते फोनवरनं सांगायचं, हे त्याचं काम. उंब्रज-कराडकडची बरीच पोरं त्यानं नेली. गावात माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू. लग्नकार्यात बायका मला आधी पाट मांडायच्या.

इक्बाल म्हणजे नजीर मुलाणीचा पोरगा. नजीर आमच्या पहिल्या ट्रकवरचा ड्रायव्हर, आमचे मालक, म्हणजे धनाजीचे वडील, गेल्यावरही मला सोडून न गेलेला. तो एकदा घरी आला, पायरीवर बसला, चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाला, "वैनी, इक्बाल जातो म्हणतोय. धाडू का?"

मी म्हटलं, "धनाजी हाय तिथं. माझ्यावर सोड."

नजीरनं पुढं काही विचारलं नाही. मी पाचवी नापास बाई, पण उंब्रजच्या फाट्यावर माझा शब्द चालायचा.

तर त्या रविवारी धनाजी शरयूकडं आला तो सकाळीच. मला म्हणाला, पोरं हायवेच्या ट्रकतळावर थांबलीत, तुझ्या हातचं खायला आसुसलीत. मी घरनं ज्वारीचं पीठ नेलं होतं. शरयूच्या त्या विजेच्या चुलीवर भाकरी फुगत नाही, नुसती वाळते, तरी मी नेटानं थापल्या. डबे भरून निघालो. अर्ध्या वाटेत त्यानं खरं काय ते सांगितलं.

"पोरं रुसलीत, आई. गाड्या पुढं न्यायला तयार नाहीत. इक्बालनं सगळ्यांच्या डोक्यात भरवलंय."

"काय भरवलंय?"

"म्हणतात, जर्मनीत माल भरून जर्मनीतच उतरवला, तर तेवढ्या तासांना जर्मनीच्या दरानं पगार द्या. इथं म्हणे तसा कायदा आहे."

"मग नाहीये का?"

"कंपनी पोलंडची, करार पोलंडचा. गाडी इथं फिरली म्हणून पगार बदलतो होय?"

"तुझा बाप मुंबईच्या खेपेला भत्ता वाढवून द्यायचा. म्हणायचा, तिथं चहा महाग."

"ते वेगळं."

"वेगळं काय त्यात?"

"आई, तू त्यांना फक्त जेवू घाल. तुझं ऐकतात ती. ही तक्रार वर गेली तर कंपनी पहिलं मला हाकलंल. माझा व्हिसा तिच्या हातात आहे. बायको-पोरांना घेऊन कुठं जाऊ मी?"

पोराच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर कुठली आई कायदा विचारत बसेल.

तिकडं रविवारी ट्रक चालवायला बंदी असते. त्यामुळं तो तळ गच्च भरला होता. एका कडेला आमची पोरं दोन ट्रकांच्या मधे ताडपत्री अंथरून बसली होती. कुणी केस विंचरले होते, कुणी बुटावरची धूळ पुसली होती. मला बघून सगळी उठली, पाया पडली. पोपट जाधव पुढं झाला. हा पोपट आमच्याच शिवेवरचा, तोंडाचा फटकळ, पण मनात काही ठेवत नाही.

"आक्का, बसा. खुर्ची हाय, पण तिचा एक पाय कंपनीचा हाय, भरवसा न्हाय."

"मी ताडपत्रीवर बसते. तुमची तोंडं का उतरलीत रे?"

"हितं लघवीला जायाला पैसं लागत्यात, आक्का. म्हणून आमी पाणी बेतानं पितो."

"मग माझा खर्डा झेपायचा न्हाई तुला."

"खर्ड्यापायी पगार गेला तरी चालंल."

"कुठला पगार?" मागनं कुणीतरी बोललं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

मी डबे उघडले. पिठल्याचा वास गेला तशी पोरं सरकत जवळ आली. इक्बाल मात्र ट्रकच्या पायरीवरच बसून होता. बापासारखाच दिसतो तो, उंच आणि खांद्यात वाकलेला. उजव्या हाताच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं, आणि ते पट्टीचं नव्हतं, बनियन फाडून केलेलं होतं.

"हे काय रे?"

त्याच्याआधी धनाजीच बोलला, "दारात सापडला, आई. धसमुसळा आहे."

इक्बालनं मान खाली घातली. मी त्याच्या ताटात भाकरी कुस्करली, वर पिठलं ओतलं, डाव्या हातानं खाता येईल असं मऊ केलं. लहानपणी आमच्या ओसरीवर तो असाच कुस्करलेलं खायचा.

पोरं घास उचलणार तेवढ्यात धनाजी उभा राहिला. त्यानं माझ्या धडप्यातली एक भाकरी काढली आणि दोन्ही तळहातांवर धरली.

"जरा थांबा रे. आई म्हातारी बाई, सातासमुद्रापलीकडं येऊन तुम्हाला जेवू घालतीय. तिच्या घरचं मीठ तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाल्लंय. आपल्यात जे काय असंल ते आपल्यात. बाहेरच्या माणसानं विचारलं तर कंपनीनं सांगितलंय तेवढंच बोलायचं. या, भाकरीवर हात ठेवा सगळ्यांनी."

पोपट म्हणाला, "धनाभाऊ, आधी खाऊ द्या, मग ठेवतो. भरल्या पोटी शपथ पक्की बसती."

"चेष्टा नको, पोपट."

एकेकानं हात ठेवला. पोपटनंही ठेवला. इक्बाल जागचा हलला नाही. तो धनाजीकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, पोरगं हट्टाला पेटलंय आणि माझ्या शब्दाची वाट बघतंय. मी म्हटलं, "ठेव की बाळा. घरातलं भांडण घरात मिटतं."

तो उठला. अन्नावर डावा हात कसा ठेवायचा, म्हणून त्यानं तो फडकं बांधलेला उजवा हात भाकरीवर ठेवला. ठेवताना त्याचा ओठ दातात गेलेला मी बघितला.

ती भाकरी धनाजीनं डब्याच्या झाकणावर ठेवली. शपथेचं अन्न कुणी खात नाही, तशी ती तिथंच राहिली. पोरं जेवली. मी मागं लागून वाढलं. मनातून मी खूश होते. म्हटलं, एवढ्यासाठी माझं पोरगं जिवाला खात होतं, मी येऊन मिटवलं. धनाजी मात्र जेवला नाही. सारखा रस्त्याकडं बघत होता.

ताटं धुवायच्या आत एक गाडी येऊन आमच्यासमोर थांबली. गणवेशातले दोघं उतरले, एक वयस्क, एक तरुण, आणि त्यांच्याबरोबर एक पंजाबी बाई. ती दुभाषी होती, जर्मनचं हिंदी करून सांगणारी. तिनं आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, हे पगाराची तपासणी करणारे सरकारी लोक आहेत, कुणाला पकडायला आलेले नाहीत, घाबरू नका.

धनाजी पुढं झाला. तो दचकला नाही. मी त्याची आई आहे. तो दचकतो तेव्हा कानाला हात लावतो, लहानपणापासनं. तेव्हा त्यानं हात लावला नाही. हे लोक येणार हे त्याला ठाऊक होतं, एवढं मला तिथंच उमजलं, पण त्याचा अर्थ लावायला माझं मन तयार होईना.

त्या वयस्क साहेबानं धनाजीला बाजूला थांबायला सांगितलं आणि इक्बालच्या केबिनमधल्या यंत्रातून एक लांब चिठ्ठी काढली. आपल्याकडं नाही तसं यंत्र. गाडी चालली की ते लिहितं, थांबली की लिहितं. ड्रायव्हरनं बटण दाबून सांगायचं, आता मी काम करतोय की विश्रांती घेतोय. कामाला हातोड्यांचं चित्र, विश्रांतीला खाटेचं. हे सगळं मला त्या दुभाषी बाईच्या हिंदीतून कळलं, कारण तिनं पोरांना एकेक चित्र दाखवून विचारलं.

"शुक्रवारी तुम्ही इथल्याच एका गावातून माल भरला आणि इथल्याच दुसऱ्या गावात उतरवला. बरोबर?"

"हां जी," इक्बाल म्हणाला.

"माल उतरत होता तेव्हा यंत्रावर खाट आहे. तुम्ही कुठं होता?"

"केबिनमध्ये. झोपलो होतो."

"त्याच्या आदल्या दिवशी? तेव्हाही खाट आहे."

"झोपलो होतो."

"प्रत्येक वेळी माल उतरताना तुम्ही झोपता?"

पोपट खोकला. इक्बाल म्हणाला, "हां जी."

मी ताटं पुसत होते, ते थांबवलं. माझं आयुष्य ट्रकवाल्यांत गेलंय. माल खाली होताना झोपणारा ड्रायव्हर मी अजून बघितलेला नाही. नजीर तर पोती मोजत हमालांच्या बरोबरीनं उभा राहायचा. म्हणून आमचे मालक थांब्याचे पैसे वेगळे द्यायचे, आणि आधी त्याच्या हातावर टेकवून मग स्वतः जेवायला बसायचे.

मग दुभाषी बाईनं इक्बालच्या हाताकडं बोट केलं. हा प्रश्न साहेबाचा नव्हता, तिचा स्वतःचा होता.

"अंगठ्याला काय झालं, भैया?"

इक्बालनं आधी त्या झाकणावरच्या भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झोपेत लागलं," तो म्हणाला.

बाईनं ते जर्मनमध्ये सांगितलं. तरुण साहेबाला हसू आलं. त्याला काय ठाऊक. मी मात्र हातातलं ताट खाली ठेवलं.

मी उठले.

"इक्बाल, झोपेत अंगठा कसा चेचतो रे?"

"काकी, नका विचारू. भाकरीवर हात ठेवलाय मी."

"पोपट, तू बोल."

पोपटची सगळी फटकळाई गेली होती. "माझा बी हात होता, आक्का."

मी धनाजीकडं वळले. तो फोनमध्ये बघत होता. फोन बंद होता. काळ्या काचेत बघत होता.

"ह्याच्यासाठी आणलंस मला?"

"आई, घरी गेल्यावर बोलू. तुला ह्यातलं कळत नाही."

"मला खाट कळती."

दुभाषी बाई म्हणाली, "माताजी, काय चाललंय?" मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, बेटी, जरा थांब, ह्यांच्या तोंडाला कुलूप आहे, ते माझ्या घरचं आहे.

मी झाकणावरची ती भाकरी उचलली. वाऱ्यानं कडक झाली होती. सगळ्यांसमोर तिचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. लाज काय असते ते मला त्या घासानं कळलं. तोवर मी दुसऱ्यांना लाज वाटेल असं बोलण्यात हुशार होते, आपल्याला कधी वाटली नव्हती. पाणीही मागितलं नाही. दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला. पोरं बघत होती. त्यांना कळत होतं मी काय करतेय. परक्यांना कळणार नाही.

"सुटली शपथ," मी म्हटलं. "मोडल्याचं जे काय असंल ते माझ्या पोटात गेलं. भाकरी माझी होती. आता बोला."

मग इक्बाल पायरीवर बसला आणि त्यानं अंगठ्यावरचं फडकं सोडलं. मी तिथं काय बघितलं ते सांगत नाही. तरुण साहेब पुन्हा हसला नाही.

इक्बाल हिंदीतच बोलला, हळू, पण थांबला नाही. माल आम्हीच उतरवतो. गोदामातलं कुणी हात लावत नाही. उतरवायला लागायच्या आधी खाटेचं बटण दाबायचं, असा हुकूम आहे, म्हणजे ते तास पगारात धरावे लागत नाहीत. खाण्याचा भत्ता मिळतो तोच पगार म्हणून दाखवायचा. आणि गेल्या आठवड्यात हातगाडीवरचा माल घसरला, अंगठा मधे सापडला.

"दवाखान्यात का गेला नाहीत?" बाईनं विचारलं.

"फोन केला होता."

"कुणाला?"

पोपटनं तोंड उघडलं, आणि तो मराठीतच बोलला, म्हणजे ते माझ्यासाठीच होतं. "धनाभाऊला केलावता, आक्का. मी शेजारी हुतो. स्पीकरवर हुता फोन. भाऊ म्हणलं, सत्तावीस, तुझ्या यंत्रावर खाट हाय. दवाखान्यात काय सांगशील, झोपेत लागलं?"

मग तेच वाक्य इक्बालनं सांगितलं होतं. त्याच्या मनाचं नव्हतं ते. माझ्या पोराचं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. वयस्क साहेबानं रुग्णवाहिका बोलावली. इक्बाल तिच्यात चढताना माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वाकू दिलं नाही. त्याच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती, आणि नजीरला काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. बाकीची पोरं एकेक करून साहेबापुढं गेली. अंगठा राहिला, पण आजही तो वाकत नाही. पैशाचं पुढं कोर्टात बरेच दिवस चाललं, काही मिळाले, काही बुडाले.

मी रिकामे डबे गोळा केले. धनाजी त्याच्या गाडीला टेकून उभा होता. आता त्याचा हात कानावर गेला होता. मी जवळ गेले तसा तो बोलायला लागला, दबक्या आवाजात, लहानपणी मार चुकवताना बोलायचा तसं.

"संपवलंस मला, आई. पोटच्या पोराला. मी काय स्वतःच्या खिशात घातले का? वरनं जे सांगतात ते खाली सांगतो मी. मी नाही सांगितलं तर दुसरा कुणीतरी सांगंल. परक्या पोरांसाठी तू…"

"परकी?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं."

"लोक काय म्हणतील गावात? तुझंच नाव जाणार. तुझ्यासाठी तरी गप्प बसायचंस."

मी मागचं दार उघडलं, डबे ठेवले, आणि आत बसायच्या आधी त्याच्यासमोर उभी राहिले. पोरं ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. ती दुभाषी बाईही बघत होती. तिला मराठी येत नव्हती, पण तिनं मान खाली घातली.

"धनाजी," मी म्हटलं, "तू चोरी केली असतीस तर चोराची आई म्हणून मी जगले असते. चोराला निदान हात स्वतःचे वापरावे लागतात. तू माझे वापरलेस. पीठ मी मळलं, भाकरी मी थापली, आणि त्या पोराचा चेचलेला हात तिच्यावर ठेव म्हणून मीच सांगितलं. नजीरपुढं मी कुठल्या तोंडानं उभी राहू ते तू मला सांगणार नाहीस, कारण तुला त्याचं नावच आठवायचं नाही. आता शरयूच्या दारापाशी सोड मला. वर येऊ नकोस. बाळाला बघायचं तर मी गेल्यावर ये. आणि आजपासनं भूक लागली तर कंपनीला सांग. माझ्या हातचं तुला बंद."